चंपावहिनींचे चार दिवस

जव्हारच्या बाजारात विठ्ठलशेटांचं दुकान कुठलं असं कुणी विचारलं, की लोक म्हणत, नाक उघडं ठेवून चाला, सापडेल. पुढच्या ओटीवर मीठ, मिरची, हिरडा, मध आणि डिंक, मागच्या स्वयंपाकघरात फोडणी. दुकान विठ्ठलशेटांचं, फोडणी त्यांच्या बायकोची, म्हणजे चंपावहिनींची, आणि दोन्हींवर हुकमत आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. सत्तरी उलटली होती, पण आवाज असा की राजवाड्यावरचा पहारेकरीही दचकून बंदूक सावरत असेल.

वहिनींच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या. तरी घर रिकामं नव्हतं. शिकायला राहिलेली भाचरं, दुकानातले गडी, डोंगरातून नाचणी घेऊन आलेली माणसं, सगळी जेवायला. चूल पहाटे पेटायची ती विझायचं नाव घ्यायची नाही. सासरी आल्यापासून वहिनींनी बूड टेकलं असेल तर ते महिन्यातले चार दिवस. कावळा शिवला, की घोंगडी, ताट, तांब्या घ्यायचा आणि परसातल्या पडवीत जाऊन बसायचं. कुणी शिवायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही. आळीतल्या इतर बायका पडवीत जाताना मान खाली घालत. चंपावहिनी अशा निघत की बघणाऱ्याला वाटावं, माहेराहून गाडी आली आहे.

पडवीत करायचं काय? कुडापलीकडे देवजीचं अंगण होतं. हा म्हातारा बोहाड्याचे मुखवटे घडवायचा. बोहाडा म्हणजे आपला देवीचा उत्सव, रात्रभर एकेक देव, एकेक राक्षस मुखवटा चढवून नाचत येतो, आणि कुठलं सोंग कुठल्या घराण्याचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. देवजी शिरपामाळाकडची चिकणमाती आणून साचा करी, भिजवलेला कागद कुटून त्यावर थापी, चिंचोक्यांच्या खळीने चिकटवी. वहिनी कुडाच्या फटीतून बघत. बघता बघता हात शिवशिवायला लागले. दुकानात पुड्यांची रद्दी ढिगाने पडलेली. त्यांनी आधी एक पोपट केला. मग मोर, मग नाक फेंदारलेला एक वाघ, जो हुबेहूब विठ्ठलशेटांसारखा दिसे, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वस्तू पडवीतच राहत. विटाळशीने केलेली वस्तू, कोण हात लावतो?

आणि पाचव्या दिवशी वहिनी न्हाऊन स्वयंपाकघरात शिरत तेव्हा त्यांच्या हाताला काही वेगळंच चढलेलं असे. पाचव्या दिवसाच्या आमटीसाठी शेजारीपाजारी निमित्त काढून वाटी घेऊन येत. कुणाला विरजण हवं असे, कुणाला विस्तव. महिना उतरू लागला की आमटीही उतरे, आणि वहिनी पातेल्यांशी भांडत.

मग वयानुसार व्हायचं ते झालं. कावळा यायचा थांबला. एक महिना गेला, दुसरा गेला. वहिनींनी भाकऱ्या करपवल्या, भाच्याला धपाटा घातला, आणि एके दिवशी मीठ समजून साखर ओतल्यावर चुलीपुढे बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी घोंगडी उचलली आणि पडवी गाठली. आत्याबाई पदर खोचून चुलीकडे वळल्या. कावळ्यानेही तक्रार केली नाही. असं दोन वर्षं चाललं.

त्या साली बोहाडा तोंडावर आला आणि फागूच्या घरची पेटी उघडली, तर शारदेचा मुखवटा वाळवीने खाल्लेला. नाक नव्हतं, एक डोळा नव्हता. शारदेचं सोंग फागूच्या घराण्याचं. कमरेला मोर बांधून त्याचा बाप नाचला, आजा नाचला. तो धावत देवजीकडे आला. देवजीचे हात आता असे कापत की डोळा काढायला जावं तर तो कानाजवळ निघे. त्याने कुडाकडे बोट केलं. त्या पडवीतल्या बायला विचार म्हणाला. ती बाय पडवीत का बसते याच्याशी देवजीला काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त तिचे हात दिसत.

वहिनींनी मुखवटा केला. त्या महिन्याचे चारही दिवस त्यात गेले. पाचव्या दिवशी न्हाऊन त्यांनी तो मागच्या अंगणात खुंटीला अडकवला आणि बघायला अख्खी आळी लोटली. फागू आला, उत्सवाचे पंच आले. हळदीच्या रंगाचा चेहरा, काजळाचे डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात जरासं हसू. दिवसभर राबून नुकत्याच टेकलेल्या बाईचं असतं ना, तसं. फागूने तो हातात घेतला आणि आधी कपाळाला लावला.

तेवढ्यात समोरची सकू बोटं मोजायला लागली. सकू म्हणजे आळीचं चालतंबोलतं पंचांग, कुठली बाई कधी बाहेरची होते हे त्या बाईच्या आधी सकूला ठाऊक.

"मुखवटा सुरेख आहे हो," सकू म्हणाली. "पण केला कधी? वहिनी तर काल संध्याकाळपर्यंत बाहेरच्या होत्या."

सगळे एकेक पाऊल मागे सरले. पंचांतल्या म्हाताऱ्याने उपरण्याला हात पुसले. विटाळाचा मुखवटा देवीपुढे नाचणार नाही म्हणाला, ओढ्यात सोडून द्या. दुसरा करायला आता दिवस नव्हते.

फागू मुखवटा मांडीवर घेऊन खालीच बसला. "मंग या साली शारदा नाय?" एवढंच बोलला.

वहिनी दारात उभ्या होत्या. गप्प राहिलं तर मुखवटा जाईल, चार दिवस राहतील. बोललं तर मुखवटा राहील, चार दिवस जातील, आणि वर सासूच्या दोन वर्षांच्या धुराचा जाब द्यावा लागेल. त्यांनी एकदा पडवीकडे पाहिलं. मग त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांकडे.

"मी बाहेरची नव्हते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मला कावळा शिवत नाही."

सकूचं बोट मोजता मोजता हवेतच राहिलं. "मग दर महिन्याला पडवीत कशाला जात होता?"

"बसायला."

विठ्ठलशेट आढ्याची कौलं निरखू लागले. पंचांचे घसे एकदम खवखवले. असल्या विषयावर पुरुषांनी आणखी विचारायचं तरी काय? मुखवटा शुद्ध ठरला, फागू तो छातीशी धरून गेला, आणि आळी इतक्या पटकन पांगली की वाटावं, कुणाच्या घरी आग लागली आहे. खरं म्हणजे ज्याला त्याला ही बातमी दुसऱ्याला सांगायची घाई झाली होती.

बोहाड्यात शारदा नाचली तेव्हा लोकांचे हात आपोआप जोडले गेले. आत्याबाईंनीही जोडले. शेजारी उभ्या सुनेकडे मात्र मान वळवली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्या डोळ्यांत धूर गेला, चंपे."

वहिनींनी फुंकणी उचलली ती बरेच महिने खाली ठेवली नाही. आमटी पुन्हा बिघडली. वाटी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरी एकाएकी विरजणही असायला लागलं आणि विस्तवही. शेवटी एक दिवस वहिनींनी सरळ सांगितलं, मला चार दिवस हवेत, काही कारण नाही, नुसते हवेत. आत्याबाईंनी पानातल्या आमटीकडे पाहिलं आणि जाऊन बस म्हणाल्या.

वहिनी पडवीत जाऊन बसल्या. पण आता शिवायला कुणाची हरकत होती? आधी भाचरं आली. मग सकू वाल सोलायला घेऊन आली, म्हणाली, तुम्ही रिकाम्याच आहात ना. मग विठ्ठलशेट आले. गल्ल्याची किल्ली सापडत नव्हती. ती त्यांच्याच जानव्याला होती. दुपार व्हायच्या आत वहिनी परत चुलीपुढे. बसायची परवानगी मिळाली होती, पण जवळ न येण्याचा धाक गेला होता. खरी किंमत त्या धाकाचीच होती, हे वहिनींना तेव्हा कळलं.

दिवाळी सरल्यावर देवजी गणपतीचा जुना मुखवटा घेऊन आला. सोंड तडकली होती. नवा करशील का बाय, म्हणाला. वहिनी लगेच हो म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी आत्याबाईंपुढे जाऊन बसल्या.

"आत्याबाई, मागच्या वेळी पंचांसमोर केवढा बोभाटा झाला. आता देवाचं तोंड घडवायचं तर सोवळ्यातच घडवायला हवं. सोवळं नेसून बसेन. चार दिवस मला कुणी म्हणजे कुणी शिवायचं नाही."

आत्याबाई काही दुधखुळ्या नव्हत्या.

"बोहाड्यात मुखवटे किती असतात गं?"

"पुष्कळ. महिन्याला एक धरला तरी माझ्या हयातीला पुरतील."

"आणि धूर?"

"ते चार दिवस तुमचा. मग पुढचे चार दिवस तुम्ही जप घेऊन बसा देवघरात. तेही सोवळंच. चूल माझी, आणि तुम्हालाही कुणी शिवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रद्दीवर गोमूत्र शिंपडलं ते आत्याबाईंनीच. पडवीच्या तोंडाशी काठी घेऊन बसल्याही त्याच. भाचरं फिरकली नाहीत. सकू वालाचं सूप घेऊन आली आणि सूप घेऊन परत गेली. विठ्ठलशेट किल्लीचं विचारायला आले तर आत्याबाई गरजल्या, "लांबूनच बोल. सोवळ्यात आहे ती." ते बिचारे तुळशीपाशी उभे राहून स्वतःचेच खिसे चाचपू लागले.

गणपती झाला. आमटी तर अशी झाली की सकू एका दिवसात तीनदा विस्तव मागायला आली. मग आत्याबाईंची पाळी. त्यांनी जपमाळ घेतली, देवघराचं दार ओढून घेतलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच भरदुपारी अशा घोरल्या की दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटलं, आत काहीतरी मोठं अनुष्ठान चाललं आहे. कुणी दार वाजवलं नाही. वहिनींनी भाचरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि फुंकणीसुद्धा हळू फुंकली.