साहेब आले त्या दिवशी

साहेब शाळा तपासायला येणार होते. मुख्याध्यापक सातवीच्या वर्गात आले आणि त्यांनी आम्हा चार-पाच पोरांना उठवलं.

"दप्तरं घ्या. खिचडीच्या खोलीत बसा. आवाज आला तर सालटं काढीन."

बाहेरून कडी लावली.

आम्ही सगळी केळीचे ट्रक भरणाऱ्यांची पोरं. आमचे बाप शिरपूरकडून सावद्याला मजुरीला आलेले. खोलीत तांदळाची पोती, तेलाचे डबे, विझलेली चूल आणि आम्ही. शाळा 'प्रगत' ठरवायची होती. प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे, असा सरकारचा हुकूम. आम्हाला येत नव्हतं. शिकवण्यापेक्षा कोंडणं सोपं.

नापास करायचं नाही, हे धोरण. म्हणून दरवर्षी आम्हाला वरच्या वर्गात ढकलायचे, ट्रकमध्ये केळीचे घड ढकलावेत तसे. चुकलो. घडाला डाग पडू नये म्हणून खाली पाला तरी अंथरतात. आम्हाला शिकवायचं नाही, हे कुठल्या धोरणात होतं?

भिंतीपलीकडे निवडक पोरं धडा वाचत होती. आठवडाभर घोकून घेतलेला. मग मुख्याध्यापकांचा गोड आवाज आला, "साहेब, एकही विद्यार्थी मागे नाही."

मी होतो की! भिंतीच्या अलीकडे. जिवंत. आणि हा माणूस मला नाहीच म्हणत होता.

खिचडीचा डाव उचलला आणि पत्र्याच्या दारावर हाणत सुटलो. बाकीची पोरं म्हणत होती, नको, मारतील. मी थांबलो नाही. दार उघडलं. साहेब समोर.

"हे काय?"

मी आमच्या बोलीत बोललो, "माले वाचता येत नही. म्हनीसन आमले आठे कोंडेल शे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुख्याध्यापकांकडे पाहून हसले. "खोडकर आहेत हो पोरं तुमची." चहा प्यायले, गाडीत बसले, गेले. शाळा प्रगत झाली. फाटकावर तसं रंगवलंही. एवढा मोठा हुद्दा, आणि हिंमत चहाच्या बशीत मावेल एवढी!

मुख्याध्यापकांनी वेताच्या छडीनं पाठ सोलली. घरी आईनं वळ पाहिले. हळद लावता लावता म्हणाली, "तू खरं बोलना ना? मंग रडस कसाले?"

रडणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी सातवीत गेलो नाही. पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो. गुडघे छातीला लागत होते. बारकी पोरं खिदळत होती. पहिलीच्या बाई नव्या होत्या. म्हणाल्या, "अरे, तुझा वर्ग कोणता?"

"जेवढं येतं तेवढा. पहिली."

मुख्याध्यापकांनी कान धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पुन्हा काढलं. पुन्हा बसलो. शेवटी बाईच म्हणाल्या, "राहू द्या, सर." दिवाळीपर्यंत अडखळत का होईना, धडा वाचू लागलो. पुढे दहावी झालो, आयटीआय केलं. खोलीतले बाकीचे आज ट्रक भरतात. शाळेच्या हिशेबी तेही प्रगत.

आता माझा पुतण्या त्याच शाळेत दुसरीत आहे. धोरण बदललं म्हणे. आता पाचवीत, आठवीत नापास करणार. आधी न शिकवता वर ढकललं, आता न शिकवता खाली बसवणार. वा रे हुशारी!

परवा पालकसभेत भावाच्या जागी मी गेलो. उभा राहून म्हणालो, "दर महिन्याला प्रत्येक पोरानं आमच्यासमोर वाचायचं."

मुख्याध्यापक आता नवे आहेत. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "असं केलं तर कच्च्या मुलांचा अपमान होतो."

अपमान! शाळेच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"पोरांचा नाही होत, सर," मी म्हणालो. "पगार घेऊन न शिकवणाऱ्याचा होतो. होऊ द्या."

मग मागून एक बाप उठला, मग दुसरा. ट्रक भरणारेच.

येत्या महिन्यापासून आम्ही समोर बसणार. कामावर खाडा पडला तर पडू दे. जे पोर अडेल, त्याच्या मास्तराला तिथंच उभं करणार. सगळ्यांदेखत.