मयताचा सोडा

आमच्या गल्लीत कुणी गेलं की आधी रडण्याचा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ आबांच्या हातगाडीवरच्या बाटल्यांचा. मी धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले त्याच महिन्यात चार घरं सोडून एक म्हातारे वारले आणि माझे सासरे सोड्याचे क्रेट गाडीवर घालून निघाले. लाजेनं अर्धमेली झाले मी. म्हटलं, हे काय घराणं आहे, मयतातही धंदा करतात! पण आबा धंदा करायला निघाले नव्हतेच. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली क्रेट ठेवून ते उन्हात उभे राहिले. स्मशानातून माणसं परतली, एकेकानं तिथं थांबून सोडा घेतला, घसा ओला केला आणि मान हलवून घरी गेला. कुणी खिशात हात घातला नाही, आणि घातला असता तर आबांनी तो धरला असता.

माझ्या तोंडावरचं त्यांनी वाचलं असावं. घरी आल्यावर पाय धुता धुता म्हणाले, "सूनबाई, मरेल माणूसले लाकडं लागतस, जित्ताले पानी लागस." आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. सगळा जन्म जळगावात काढला तरी घरात बोलायचे अहिराणीच. गिऱ्हाइकाशी मात्र शुद्ध मराठी, तेही असं जपून की परीक्षेला बसलेत जणू.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, गॅसचं नळकांडं, मोठ्या चाकाचं एक मशीन आणि गफ्फारचाचा. बाटल्या धुणं, भरणं, गॅस मुरावा म्हणून चौकटीत अडकवून गरगर फिरवणं सगळं चाचा करायचे. बाटल्या जाड हिरव्या काचेच्या, गळ्यात गोटीच्या, आणि पोटावर काचेतच उठवलेलं आबांचं नाव. सकाळची पहिली बाटली आबा स्वतः प्यायचे आणि असा ढेकर द्यायचे की गल्लीला वेळ कळावी. तो आला नाही तर चाचा निमूट सगळा माल पुन्हा फिरवायला घेत. एकदा धुळ्याला माझ्या वडिलांसमोर, पंगतीत, त्यांनी तसाच दिला. माझे वडील शाळेचे हेडमास्तर, शिस्तीचे. मी पदरात तोंड लपवलं. आबा शांतपणे म्हणाले, "व्याही, हा आमचा शिक्का आहे." त्या दिवसानंतर वडील जळगावला आले की आधी सोडा मागायचे.

मग ती परदेशी बाटली आली. आधी स्टेशनरोडच्या हॉटेलांत लाल पाटी लागली, मग कॉलेजची पोरं बाटलीतली नळी तोंडात धरून रस्त्यात उभी दिसायला लागली. काळपट गोड पाणी, वर पत्र्याचं झाकण. आबांनी एकदा चाखलं आणि म्हणाले की काढा बरा आहे, पण आजारी कोण आहे? आम्ही सगळे हसलो. हसण्याचे दिवस थोडेच राहिले होते, हे कुणाला माहीत.

नशिराबादला त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. त्या घरच्या प्रत्येक लग्नात आबांचाच सोडा. या वेळी यजमानानं नमस्कार केला, चहा दिला आणि सांगितलं की वरपक्षाला कंपनीच्या बाटल्या मागवल्यात, तुमचा सोडा वाजंत्रीवाल्यांना द्या. आबांनी दिला. एकही बाटली कमी दिली नाही. घरी येऊन मात्र दोन दिवस सकाळची पहिली बाटली उघडली नाही, आणि गल्ली त्या ढेकरावाचून उठली.

हॉटेलवाले एकेक करून सुटत गेले. तेव्हा आमच्या ह्यांनी कंपनीची एजन्सी आणायचं मनावर घेतलं. ह्यांचंही चुकलं म्हणवत नाही मला. घरात दोन लेकरं, नणंदेचं लग्न व्हायचं आणि शेडमध्ये भरलेले क्रेट तसेच पडून. कंपनीचा माणूस मुंबईहून आला, टाय लावलेला, गोड बोलणारा. अट एकच, या जागेत दुसरं कुठलंही पेय भरायचं नाही, विकायचं नाही. जाताना तोच हसून म्हणाला, आबा, थोडाफार सोडा भरलात तर कोण बघायला येतंय?

त्याला आबा कळलेच नव्हते. ते मला म्हणाले, "मी शब्द देयेल शे. आते बठ्ठं बंद."

बठ्ठं म्हणजे सगळंच. मशीनवर गोणपाट पडलं. बाटल्यांचं काय करायचं? दुसरा सोडावाला घ्यायला तयार होता, पण आपल्या नावाच्या बाटलीत दुसऱ्याचं पाणी आबांना नको होतं. भंगारातही द्यायच्या नव्हत्या. दर दसऱ्याला मशीनला झेंडूचं तोरण आणि पहिल्या रांगेतल्या बाटल्यांना हळदकुंकू लागायचं. पूजलेली वस्तू पायदळी येऊ नये, पाण्यात सोडावी, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. शेडमागे खारट पाण्याची एक वापरात नसलेली विहीर होती. आबांनी नारळ फोडला आणि गफ्फारचाचा एकेक बाटली हातात देत गेले, आबा ती हळूच सोडत गेले. सगळी सकाळ गेली त्यात. सासूबाई ओट्यावर बसून डोळे पुसत होत्या. मला तेव्हा राग आला होता. बाटल्याच त्या, देव होते का? आज वाटतं, आपल्या हातानं हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागताना माणसानं निदान नारळ तरी फोडला.

एजन्सी चालली, खोटं कशाला बोलू? ह्यांनी स्कूटर घेतली. नणंद सुरतेला दिली. फक्त आबांना काही करायला उरलं नाही. एकदा गल्लीत मयत झालं तेव्हा सवयीनं त्यांनी गाडी काढली आणि कंपनीच्याच बाटल्या घेऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. माणसं परतली, बाटलीकडे पाहिलं आणि पुढे गेली. एका म्हाताऱ्यानं जवळ येऊन हळूच सांगितलं, आबा, सुतकात गोड कसं प्यायचं? आबांना ते आधी सुचलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. भरलेली गाडी तशीच परत आली. पुन्हा ती मयताला गेली नाही.

दुष्काळ पडला त्या साली नळ कोरडे झाले आणि मागची विहीरही आटली. तळाशी हिरव्या बाटल्या उन्हात लखलखायच्या. माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या दारात मुंबईहून ट्रकभर गोड पाणी उतरत होतं, ते पाहून माझा जीव जळायचा. गफ्फारचाचा तेव्हा मिळेल ती हमाली करत होते. एक दिवस ते आले आणि विहिरीच्या काठावर बसून आबांना म्हणाले, "आबा, सब सलामत है. मैं उतरता हूँ. दुष्काळ सरला की मशीन चालू करू."

आबांनी काठावर वाकून खाली पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतील. मनात म्हटलंही, म्हणा हो.

"गफ्फार," ते म्हणाले, "पानीमा सोडेल मूर्ती पानी आटनं म्हणीसन कोनी घर लई येस का?"

चाचा उठले आणि गेले. पुढच्या वर्षी शिंदखेड्याच्या एका माणसानं मशीन विकत घेतलं आणि मशीनबरोबर चाचाही तिकडे गेले, कारण ते चालवणारा दुसरा कुणी नव्हता. आम्हाला कंपनीच्या क्रेटसाठी गोदाम कमी पडत होतं. ह्यांनी विहीर बुजवली आणि वर फरशी घातली.

आणीबाणी उठली, सरकार बदललं आणि बघता बघता ती कंपनी देश सोडून गेली. कुणी म्हणे सरकारनं घालवली, कुणी म्हणे तीच रुसून गेली. टायवाल्या माणसाचं शेवटचं दर्शनही झालं नाही. ट्रक यायचा बंद झाला एवढंच. गल्लीतले लोक आबांचं अभिनंदन करायला आले, म्हणाले, गेली एकदाची बला, आता काढा तुमचा सोडा! आबा हसले. कशात काढणार होते? बाटल्या फरशीखाली आणि मशीन शिंदखेड्याला. तेलही गेलं, तूपही गेलं. मी आत जाऊन रडून घेतलं.

मी माहेरी निघाले होते तेव्हा आबा बरोबर आले आणि धुळ्याहून मला घेऊन शिंदखेड्याला गेले. मशीन झोकात चालत होतं. परदेशी बाटली गेल्यावर तिथं गिऱ्हाईक मावत नव्हतं. मालक भला माणूस, त्यानं आबांना खुर्ची दिली. मशीन परत द्याल का, असं आबांनी विचारलं तेव्हा त्यानं हात जोडले आणि म्हणाला की आता कुठं बरे दिवस आलेत, कसं देऊ? गफ्फारचाचांनी एक बाटली भरून आणली. त्या मालकाच्या नावाची. आबांनी ती पूर्ण प्यायली आणि आम्ही सगळे वाट पाहत थांबलो. ढेकर आला नाही. चाचा सगळा माल पुन्हा फिरवायला गेले.

पुढच्या वैशाखात आबा गेले. नणंदेची वाट पाहायची म्हणून दुपारपर्यंत थांबलो. सुरतेकडून येणाऱ्या पॅसेंजरनं ती आली, आणि त्याच गाडीत शिंदखेड्याला गफ्फारचाचा चढले होते. निरोप ह्यांनीच धाडला होता. माणसं आबांना घेऊन निघाली. आम्ही बायका ओट्यावर थांबलो. तिथून कोपऱ्यावरचा कडुनिंब दिसतो. चाचांनी टांग्यातून उतरवलेला क्रेट त्याखाली ठेवला आणि ते आबांसारखेच हात मागे बांधून उभे राहिले.

माणसं परतली. एकेक जण तिथं थांबला. मला एवढ्या लांबूनही गोटी आत पडल्याचा आवाज ऐकू येत होता. अंधार पडायच्या सुमाराला चाचांनी एक बाटली मला आणून दिली आणि म्हणाले, "सकाळी भरली. आबांच्या मशीनवर. पी ले, बेटी."

सूनबाईनं ओट्यावर, चारचौघींत, उभ्यानं बाटली तोंडाला लावायची पद्धत नव्हती. मी लावली. आणि मला ढेकर आला.