ओट्याला लावलेलं शटर

आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे ओटा होता. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात, घरात मराठी बोलणारे आम्हीही तेच म्हणायचो. गावातला जुना राजवाडा बघायला आलेले लोक तिथे टेकायचे, भाजीवाली टोपली उतरवायची. मग दिवस बदलले. फोनचे बूथ, झेरॉक्स, रंगीत टीव्ही, सगळ्यांना रस्त्यालगत जागा हवी झाली. एकेक घर ओट्याच्या बाजू बांधून खोली करू लागलं, पुढे लोखंडी शटर लावून भाड्याने देऊ लागलं.

आमच्या यांनीही शटर लावलं. दुकानासाठी नव्हे, नवी मोपेड ठेवायला. दार लावता आलं असतं, पण गल्लीत सगळ्यांकडे शटर, मग आपल्याकडे का नको? सासूबाई म्हणाल्या, "मोपेडीला खोली, मला कोपरा!"

त्याच वर्षी नगरपालिकेने घरांचा कर नव्याने ठरवला. त्यांचा माणूस गल्लीतून चालत गेला, आत कुठे शिरला नाही. जिथे शटर तिथे दुकान, असं लिहून गेला. आमच्याकडे कागद आला तेव्हा आम्ही दुकानदार झालो होतो. दुकानाचा कर घराच्या करापेक्षा कितीतरी पट जास्त. यांचा पगार शाळेतल्या कारकुनाचा.

"दोनच वाटा आहेत," हे जेवताना म्हणाले. "खरंच दुकान काढायचं, नाहीतर शेजाऱ्यांसारखं विकून मोकळं व्हायचं."

शेजारचं घर लॉज बांधणाऱ्याने घेतलं होतं. आमच्याकडेही त्याचा माणूस येऊन बसायचा, कॉफी पिऊन जायचा.

"दुकानात बसणार कोण?" सासूबाई म्हणाल्या. "ही? गिऱ्हाईक आलं की आधी हीच आत पळेल."

खोटं नव्हतं ते. परक्या पुरुषापुढे माझा आवाज निघायचा नाही. लग्न होऊन ज्या घरात आले ते सोडून मला जायचं नव्हतं, पण तेसुद्धा मी यांना सांगितलं नाही.

यांनी नगरपालिकेत अर्ज दिला, हे राहतं घर आहे म्हणून. कोणीतरी येऊन बघेल, असं उत्तर मिळालं. कधी ते सांगितलं नाही.

शुक्रवार होता. शुक्रवारी आम्हा बायकांचं तेल लावून न्हाणं. हे मुलांना मोपेडवर घेऊन शाळेत गेले होते. ओट्यावर गार असतं, म्हणून मी शटर खाली ओढलं, सासूबाईंना पाटावर बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर तिळाचं कोमट तेल घालायला लागले. माझंही डोकं तेलाने भिजलेलं, पदर खोचलेला.

एकदम शटरवर थापा पडल्या.

"गोदाम उघडा! नगरपालिकेतून आलोय!"

वाटी हातातच राहिली.

"माल भरलाय म्हणून भरदिवसा बंद करून बसलात ना?"

"कोण मेला हा?" सासूबाई मला मराठीत म्हणाल्या. "सांग त्याला, माल म्हणजे मी आहे."

माझ्याने बोलवेना. तेवढ्यात त्याने खालून हात घालून शटर कमरेइतकं वर उचललं आणि वाकून आत बघितलं. केस मोकळे सोडून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन बसलेल्या सासूबाई त्याला दिसल्या असणार. शटर धाडकन खाली आलं. मग बाहेरून बारीक सूर आला, "माफ करा, अम्मा. हे घर आहे का?"

"नाही, सिनेमा थिएटर आहे," सासूबाई तमिळमध्ये ओरडल्या. "तिकीट काढून ये!"

मला काय झालं कोण जाणे. मध्ये पत्रा होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी पत्र्याजवळ गेले आणि बोलायला लागले.

"सार, आम्ही काही विकत नाही. इथे मोपेड असते. संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात. दुकानाचा कर आम्हाला झेपणार नाही. घर लॉजवाल्याला द्यावं लागेल. मला जायचं नाही, सार."

"मग शटर कशाला लावलं, अम्मा? आम्ही रस्त्यावरून शटर बघूनच लिहितो."

"सगळ्यांनी लावलं म्हणून."

तो हसला. हसूनच म्हणाला, "काढून टाका. दार लावा, गज लावा. मी राहतं घर म्हणून लिहितो."

पाटावरून सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, तुला बोलता येतं की!"

शटर निघालं, लाकडी दार आलं. तरी नवा कागद येईपर्यंत धाकधूक होतीच. कागद आला तो यांनी दारातच उभ्याने वाचला, मग मोठ्याने वाचला. राहतं घर. हे चप्पल घालून तसेच लॉजवाल्याच्या माणसाकडे नाही म्हणायला गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले. छाती हलकी झाली होती.

पोंगलचा सण जवळ आला होता, त्याआधी घरोघर भिंतींना चुना लावतात. विकायच्या घराला चुना कोण लावतो, म्हणून त्या वर्षी कुणी विषयच काढला नव्हता. हे परत आले तेव्हा मीच म्हणाले, चुना लावणाऱ्याला बोलवा. सासूबाईंना भिंती निळ्या हव्या होत्या, यांना पांढऱ्या. दोघांचं जेवण होईपर्यंत भांडण चाललं आणि मी ताटं वाढत ऐकत राहिले.