गाव विचारायचं नाही

चहा घ्या, म्हणजे सांगतो. स्वतःच्या तोंडानं मी दोन डॉक्टर कसे घालवले, ऐकाच!

झालं असं, की झोप उडाली होती. कंपनीत छाती धडधडायची, घरी लेकीवर खेकसायचो. शेवटी पोरगी माझ्याजवळ यायचीच बंद झाली. ते फार लागलं हो. बायको म्हणाली, "मनाच्या डॉक्टरकडं जावा."

तिला घेऊन गेलो शिरूरला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय त्रास होतो?"

"सांगतो की. आधी तुमचं गाव कुठलं?"

"पाबळ."

"पाबळ? कुणाच्यातल्या?"

आता गाव विचारल्याशिवाय आपल्याकडं कुणी बोलायला सुरुवात करतं का? बाई निघाल्या माझ्या मेहुण्याच्या सासूची मावसबहीण! म्हणाल्या, "नात्यातल्या माणसाला मी तपासत नाही. तुम्ही मोकळं बोलणार नाही." वर चहा पाजला, बायकोची ओटी भरली. गेलो होतो मन मोकळं करायला, आलो खण-नारळ घेऊन!

मग दौंड. बायकोनं बजावलं, "ह्या डॉक्टरला गाव इचारायचं न्हाई!"

नाही विचारलं. शपथ! फक्त म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आजोळ कुठलं तुमचं?"

झालं! आमच्या साडूचा सख्खा चुलतभाऊ. "पाहुणं, उठा," म्हणाले, आणि दौंडातल्याच दुसऱ्या बाईंकडं धाडलं.

तिथं तोंडाला कुलूप लावून बसलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी ताडकन उठलो. "ताई, त्यात शिरू नका! नातं निघंल!"

"निघालं तर काय होईल?"

"तुमी बी मला उठवाल. आन् मला कुठंतरी बसून रडायचंय वो!"

आणि रडलोच की! त्या नुसत्या ऐकत राहिल्या. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आता फक्कड झोप लागते. पोरगी पाठीवर बसून मला घरभर फिरवते. जिंकलो राव!

परवा बाईंच्या दारात एक जण घाबरून बसला होता. म्हटलं, "बिनधास्त जावा. बाई सोन्यासारखी हाय. फकस्त आत गेल्यावर गाव इचारू नका."

"बरं," तो म्हणाला.

"बाकी पाहुणं, तुमचं गाव कुठलं?"

मामेसासऱ्यांचा पुतण्या निघाला. आता दोघं एकाच मोटरसायकलवर बाईंकडं जातो!