ताईंचा चुकलेला पेपर

डोंगरातल्या आदिवासी वस्तीवर आरोग्यताईंनी वीस वर्षं काढली होती, आणि व्यसनमुक्तीचं हे त्यांचं चौथं प्रशिक्षण. दर वेळी नवे साहेब यायचे, पडद्यावर तीच बाटली दाखवायचे आणि जन्मात दारुडा न पाहिलेल्या चेहऱ्याने दारुड्याची लक्षणं सांगायचे. या खेपेला मात्र पास झालं तरच वस्तीला औषधांची पेटी मिळणार होती.

पेपरात प्रश्न होता: रोज भरपूर पिणाऱ्याला दारू आजच्या आज बंद करायला सांगावं का? ताईंनी ‘नाही’वर खूण केली आणि एका गुणाने नापास झाल्या.

“एवढं सोपं कसं चुकलात, ताई?”

“माझ्या दिरानं आजच्या आज बंद केली होती, साहेब. तिसऱ्या दिवशी झटके येऊन गेला. औषधं देऊन, सांभाळून सोडवावी लागते.”

“पण छापील उत्तर ‘हो’ आहे.”

“असेल की. मग पेटी ठेवा तुमच्याकडेच, फक्त फोन नंबर द्या. कुणाला झटके आले की तुम्हालाच उठवू.”

साहेबांनी पेपर पुढे ओढला. “बरं, सवलतीचा एक गुण देतो.”

“सवलत कसली, उत्तर बरोबरच होतं,” म्हणत ताईंनी पेटी काखोटीला मारली. सवलत तेवढी टेबलावरच राहिली.