गोजरबाईची सही

गोजरबाईला समितीवर घेतलं तेव्हा वस्तीवर पेढे वाटले गेले. राहुरीजवळची, सातवी शिकलेली बाई, आणि जिल्ह्यातल्या स्वमग्न मुलांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीवर एकमेव पालक सदस्य! तिथं सल्ला सोडून बाकी सगळं मागतात, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही.

तिची आरती एकोणीस वर्षांची. बोलत नाही, पण बुधवार तिला बरोबर कळतो. बुधवारी राहुरीच्या केंद्रात अशा मुलांना शिकवायला ज्योतीताई यायच्या. दोन वर्षं खपून त्यांनी आरतीला कुर्त्याची बटणं लावायला शिकवलं होतं. वयात आलेल्या लेकीला आपलं अंग आपण झाकता येणं केवढी गोष्ट असते, ते जिच्या घरी अशी लेक आहे तिलाच विचारावं.

समितीची पहिली बैठक नगरला सावेडीत झाली. आधी अध्यक्षांचा सत्कार, मग अध्यक्षांच्या हस्ते सगळ्यांचा सत्कार. शाल, नारळ, फोटो, सामोसे. लिपिक बन्सीनं रजिस्टर फिरवलं. “मावशी, हजेरीची सही करा.” गोजरबाईनं सावकाश, अक्षर बिघडू न देता सही केली. ती केंद्राचा विषय काढणार तोच आभारप्रदर्शन उरकलं. कसला विचारविनिमय नि कसलं काय! शाल घेऊन ती एसटीत बसली.

पंधरा दिवसांनी केंद्राला कुलूप. दारावर कागद: समितीच्या सर्वानुमते झालेल्या ठरावानुसार केंद्र नगरला हलवण्यात आले आहे. खाली सह्या. तिसरी तिची. हजेरीचं पान ठरावाला जोडलेलं!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरती पाण्याची बाटली मांडीत घेऊन पायरीवर बसली ती उठेना. ओढलं तर तिनं स्वतःचाच हात चावला. नगरला न्यायचं तर एसटीतली गर्दी आणि हॉर्न तिला सोसत नव्हते. दोनदा नेलं, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरावं लागलं. गोजरबाईनं अर्जांवर अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

आठ महिन्यांनी दुसरी बैठक लागली. बन्सीला लाज वाटली असावी. जिन्यात गाठून तो म्हणाला, “मावशी, पालकाची सही नसंल तर बैठक धरत न्हाईत. आन पालक तुमी एकट्याच.”

पुन्हा शाल आली. गोजरबाईनं ती घेतली नाहीच, पिशवीतली जुनीही काढून टेबलावर ठेवली. रजिस्टर आलं. तिनं पेन मिटलं.

“ताई, तुमची सही राहिली,” अध्यक्ष म्हणाले.

“राहू द्या. आधी केंद्र राहुरीला परत आनायचा ठराव लिवा.”

“अहो, ही नुसती हजेरी आहे.”

“मागल्या खेपंला बी हजेरीच हुती! त्या हजेरीनं माज्या पोरीचं दार बंद केलं. तुमी सामोसे खाल्ले, तिनं सोताचा हात खाल्ला.”

अडला हरी म्हणतात ना, तसं अध्यक्षांनी मुकाट्यानं ठराव लिहवून घेतला. गोजरबाईनं तो दोनदा वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि मग सही केली.

पुढच्याच महिन्यात केंद्र उघडलं. आरती सरळ आत गेली, बाटली खिडकीत आपल्या जागी ठेवली. ज्योतीताईंनी तिच्या हाती कुर्ता दिला. तिची बोटं नुसती कापड पिळत राहिली. एकही बटण लागलं नाही.

“काकू, पहिल्यापासून सुरू करावं लागेल,” ज्योतीताई हळूच म्हणाल्या.

दोन वर्षांची मेहनत मातीत गेली होती. गोजरबाई बाहेर पायरीवर येऊन बसली, तेवढ्यात बन्सीचा फोन आला. केंद्र सुरू केल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचा सत्कार ठेवलाय, शाल पालकांच्या हस्ते घालायची आहे, मावशींनी यावं.

“येते की,” ती म्हणाली. “पर शाल आनू नगा. आरतीचा ह्यो उघड्या बटनांचा कुर्ता घिऊन येते. त्योच घालते सायबाच्या खांद्यावर.”