साडू, झेंडू आणि फोर्कलिफ्ट

आमच्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. पावणे इथल्या एका गोदामात ते सुरक्षा अधिकारी आहेत. तिथे खोक्यांच्या थप्प्या उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट दिवसभर पुढेमागे धावतात आणि त्यांच्या वाटेत कुणी येऊ नये, ही साडूंची नोकरी. पण नोकरीवरून घरी आले तरी सावधपणा काही उतरत नाही. वाशीच्या घरात त्यांनी स्वयंपाकघराच्या वळणावर गोल आरसा लावलाय आणि उंबऱ्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्या. मेहुणी चहाचा ट्रे घेऊन निघाली की हे हॉलमधून ओरडतात, "हॉर्न!" आणि ती बिचारी "पीं" करत बाहेर येते. माझा घेर बघून एकदा म्हणाले, "तुम्हाला मागे सरकताना वाजणारा भोंगाच बसवायला हवा." सगळे हसले. मीही हसलो, कारण तेवढ्यात माझ्याच धक्क्याने फुलदाणी आडवी झाली होती.

गोदामात एकदा एका हमालाचा पाय चाकाखाली सापडला. तेव्हापासून साडूंनी शेठच्या मागे धोशा लावला, गाड्यांना कॅमेरे बसवा, मागे माणूस दिसला की गाडी आपोआप थांबते. शेठने एका गाडीला बसवला. म्हणाला, "दसऱ्याला सगळ्यांसमोर दाखवा. थांबली, तर बाकीच्यांनाही बसवू."

दसऱ्याला आम्ही सहकुटुंब हजर! साडू मुंडावळ्या बांधल्यासारखे मिरवत होते. गाड्या धुऊन झाल्या, हळदकुंकू झालं, आणि कॅमेऱ्याच्या गाडीला त्यांनी मनगटाएवढी जाड झेंडूची माळ स्वतःच्या हाताने मागूनपुढून गुंडाळली. मग गोणपाटात चिंध्या भरून केलेला माणूस वाटेत उभा केला. अंगात जाकीट, डोक्याच्या जागी पूजेचा कोहळा, वर हेल्मेट. "आता बघा हं, बघाच!" तळवली गावच्या चालकाने गाडी उलटी घेतली. गाडी आली, आणखी आली आणि थेट त्या माणसावर चढली. कोहळ्याच्या चिंधड्या!

गोदाम हसून लोळलं. शेठ म्हणाला, "काय साहेब, कॅमेऱ्यालापण दसऱ्याची सुट्टी?" चालकाचा चेहरा मात्र पांढराफटक. "साहेब, मना वाटला थांबंल ती."

साडू गाडीमागे धावले. एक टपोरा झेंडू नेमका कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसला होता! त्यांनी माळ ओरबाडून काढली, दुसरा कोहळा बसवला, माणूस पुन्हा उभा केला. गाडी पुन्हा उलटी निघाली आणि हातभर अलीकडे कचकन थांबली! मी अशी शिट्टी मारली की बायकोने दंडाला चिमटा काढला. शेठने हात वर केला, "बसवा सगळ्यांना!"

घरी श्रीखंड-पुरीचा बेत होता. साडूंनी पुरीला हातही लावला नव्हता.

"अहो, झालं ना मनासारखं?" मेहुणीने विचारलं.

"माळ मीच घातली होती," ते म्हणाले. "तिथे कुणी खरंच उभं असतं तर?"

भरलं ताट तसंच ठेवून ते फोन घेऊन बाल्कनीत गेले. मला एक छान विनोद सुचला होता, तो मी पुरीबरोबर गिळला. त्या दिवशी कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तरी बाहेरून गोदामातल्या एकेकाला लावलेला फोन ऐकू येत होता, "नीट पोचलास ना रे घरी?"